बहुमताचे दोन पंचमांश

चौथीच्या बाईंनी पहिल्या वहीवर लाल फुली मारली तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. दुसऱ्या वहीवर मारली तेव्हाही नाही. पाचव्या वहीपाशी त्या जरा थबकल्या आणि मग पेन खाली ठेवून त्यांनी उरलेला गठ्ठा वरवर चाळला. सगळीकडे एकच. सहा वजा दोन पंचमांश बरोबर पाच पूर्णांक दोन पंचमांश. उत्तराभोवती चौकट, चौकटीखाली दोन रेघा आणि रेघांखाली पालकांची सही.

आता मुलं चुकतात, त्यात नवल नाही. चुकता यावं म्हणूनच तर त्यांना शाळेत घालतात. पण प्रत्येक मूल आपापल्या वळणाने चुकतं. कुणी छेद विसरतं, कुणी वजाऐवजी अधिक करतं, कुणी सरळ शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवतं आणि तेही चुकीचं उतरवतं. अख्ख्या वर्गाने मिळून एकच चूक करायची, तीही चौकट आखून, एवढी एकी मुलांच्यात नसते. यामागे मोठ्या माणसांचं डोकं असणार हे बाईंनी ताडलं.

शिवाय हे गणित त्यांनी आदल्याच दिवशी घसा कोरडा करून शिकवलं होतं. कागदाच्या सहा लांब पट्ट्या टेबलावर मांडल्या होत्या. "यातून दोन पंचमांश काढायचेत," त्या म्हणाल्या होत्या, "पण इथे तर एकही पंचमांश दिसत नाही. सगळ्या अख्ख्या पट्ट्या. मग?" पहिल्या बाकावरची मुलं म्हणाली, फाडा. मागच्या बाकावरची मुलं न विचारताच फाडायला लागली होती. मग एक पट्टी घेतली, तिचे पाच सारखे भाग केले, दोन उचलले, तीन उरले. टेबलावर पाच अख्ख्या आणि तीन पंचमांश. पाच पूर्णांक तीन पंचमांश! सगळा वर्ग ओरडला, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी जमिनीवरचे तुकडे पाहून कपाळाला हात लावला. म्हणजे घरी जाताना मुलं बरोबर होती. घरून येताना ती चुकून आली होती.

याचं कारण होतं शाळेची पद्धत. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी पालकांना शिक्षणात सामील करून घ्यायचं ठरवलं होतं. रोजचा गृहपाठ पालकांच्या ग्रुपवर जाई आणि वहीत उत्तराखाली पालकांनी सही करायची असे. आता सही म्हणजे सही. समजल्याशिवाय सही करायला माणूस घाबरतो, आणि समजलं नाही हे सांगायला त्याहून घाबरतो. म्हणून पालक समितीने तोड काढली होती. प्रत्येक विषयाला एक प्रमुख पालक नेमायचा. त्याने उत्तर ग्रुपवर टाकायचं, बाकीच्यांनी अंगठा उमटवायचा आणि पोराला सांगायचं, असं लिही. भाषाप्रमुख होत्या एक वकीलबाई. चित्रकलेचे प्रमुख होते रंगाच्या दुकानाचे मालक. खेळाचे प्रमुख म्हणून ज्या गृहस्थांना नेमलं होतं त्यांना एकदा कुणीतरी बसमागे पळताना पाहिलं होतं.

गणिताचे प्रमुख होते लिफ्टवाले. हे मोठमोठ्या इमारतींमध्ये लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते आणि त्यांचा मुलगा वर्गात पहिला यायचा. या दोन गोष्टींमुळे त्यांच्या उत्तरावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. काल संध्याकाळी त्यांनी निळ्या शाईत, पट्टीने रेघ मारून उत्तर टाकलं होतं आणि त्याखाली अंगठ्यांचा पाऊस पडला होता.

गठ्ठ्याच्या तळाशी एक वही निघाली. तिला चौकट नव्हती. सहा पट्ट्यांचं चित्र होतं, जरा तिरकं. शेवटच्या पट्टीचे पाच भाग केले होते, त्यातल्या दोन भागांवर काट मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, पाच पूर्णांक तीन पंचमांश. ही वही होती 'सावकाश' नावाने वर्गात ओळखल्या जाणाऱ्या मुलीची. पोरगी डबा सावकाश खायची, दप्तर सावकाश भरायची, शाळा सुटली तरी हिचा एक बूट घालायचा राहिलेला असायचा. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती. ड्युटीवर असताना फोन सारखा वाजतो म्हणून साहेबांनी झापलं, तेव्हाच ती ग्रुपमधून बाहेर पडली होती. त्यामुळे या घरात बाहेरून उत्तर पोचलं नव्हतं आणि पोरीला स्वतःच गणित करावं लागलं होतं.

बाईंनी तिच्या वहीवर बरोबरची मोठी खूण केली, शाबास लिहिलं आणि बाकीच्या तेहेतीस वह्यांवर फुल्या मारून वह्या वाटून टाकल्या. पुढे काय होईल याचा त्यांनी विचार केला नाही. चुकीच्या उत्तराला फुली मारायला विचार लागतो, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच मोठ्या बाईंचं बोलावणं आलं.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा फोन टेबलावर थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. "काल तुम्ही कुणाकुणाला फुल्या मारल्या, काही कल्पना आहे?"

"मुलांना."

"मुलांना नाही हो. पालकांना! खाली सह्या कुणाच्या आहेत? लिफ्टवाल्यांच्या वहीवर फुली. वकीलबाईंच्या वहीवर फुली. ज्यांनी आपल्याला पाण्याची टाकी दिली त्यांच्या वहीवर तर तुम्ही दोनदा फुली मारलीये."

"एक चुकून मारली गेली. पेन झटकताना."

"आणि बरोबर कुणाचं, तर त्या एका मुलीचं." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, माझं गणित काही कच्चं नाही. तुमचं उत्तर बरोबर असेलही. पण वर्षभर मी तुमचं काम पाहिलंय, तुम्हाला कायम करावं असं माझ्या मनात आहे. त्या कागदाला पालक समितीचं मत लागतं. उद्या समितीची बैठक आहे. तेव्हा जरा जपून."

कायम हा शब्द बाईंनी आयुष्यात फार वेळा ऐकला होता, दुसऱ्यांच्या बाबतीत. याआधीच्या दोन शाळांनी त्यांना वर्ष संपताच नारळ दिला होता. पहिल्या शाळेत संस्थाचालकांची भाची शिकवायला मोकळी झाली म्हणून, आणि दुसऱ्या शाळेने कारण सांगायचीही तसदी घेतली नव्हती. दर उन्हाळ्यात दाखल्यांची फाईल काखेत मारून वणवण करायचा त्यांना वीट आला होता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी आईला सगळं सांगितलं. आईने ताटातलं संपवेपर्यंत ऐकून घेतलं.

"अगं, मग मार ना बरोबरच्या खुणा. हात दुखतो का तुझा?"

"उत्तर चुकलंय आई."

"त्यांचं चुकलंय ना? तुझं तर बरोबर आहे. मग तुला कशाला त्रास?" आई ताट उचलत म्हणाली. "तुझे बाबा असेच. खरं बोलायचे आणि मग घरी बसायचे. त्यांचं खरं बोलणं मी निस्तरलं, तुझं निस्तरायला आता माझ्यात जोर नाही बाई."

बाईंना राग आला आणि त्या रागावू शकल्या नाहीत, कारण आईचे गुडघे खरंच दुखत होते.

बैठक चौथीच्याच वर्गात भरली. पालक मुलांच्या बाकांवर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते, पोटं बाकात अडकत होती आणि रंगाच्या दुकानाचे मालक तर एका बाकावर अर्धेच मावले होते. तरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर मोठं काम हाती घेतल्याचा भाव होता. सावकाशची आई आलेली नव्हती, तिची ड्युटी होती. मोठ्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत हसतमुख बसल्या होत्या. अडचणीच्या प्रसंगी त्या नेहमीच कोपऱ्यात आणि हसतमुख असत.

अध्यक्षपद वकीलबाईंकडे होतं. त्या उभ्या राहिल्या. "प्रश्न एका गणिताचा नाही. तेहेतीस कुटुंबं एका उत्तरावर ठाम आहेत. तेहेतीस! एखादा माणूस चुकेल, दोन चुकतील. इतकी सुशिक्षित माणसं एकाच वेळी चुकतील हे मनाला पटतं का?"

"पण सगळ्यांनी ते एकाच ठिकाणाहून उतरवलंय," बाई म्हणाल्या.

"उतरवलंय नाही, स्वीकारलंय," वकीलबाई म्हणाल्या.

मागून एक आजोबा उठले. नातवाच्या वहीवर त्यांची सही होती. "आमच्या घराण्यात आजवर कुणाला फुली मिळालेली नाही," ते म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. एका आईने सांगितलं की तिचा मुलगा काल जेवला नाही. मुलगा बाहेर मैदानात जेवलेल्या मुलासारखाच पळत होता, पण ते कुणी पाहिलं नाही. पाण्याच्या टाकीवाल्यांनी दोन फुल्यांचा विषय काढला.

"आपण पद्धतच समजावून घेऊ ना," लिफ्टवाले उठत म्हणाले. ते शांत होते. त्यांना राग आला नव्हता, त्यांना बाईंची कीव आली होती. त्यांनी फळ्यावर सुंदर आकडे काढले. "सहातून थेट दोन पंचमांश जात नाहीत. बरोबर? म्हणून आपण सहातला एक हातचा घेतला. राहिले पाच. आणि दोन पंचमांश आपल्याकडे होतेच, ते पुढे लिहिले. पाच पूर्णांक दोन पंचमांश." त्यांनी चौकट आखली.

"आणि तो हातचा घेतलेला एक?" बाईंनी विचारलं. "तो कुठे गेला?"

"तो वापरला."

"कशात?"

"प्रक्रियेत," लिफ्टवाले म्हणाले.

सगळ्या वर्गाने मान डोलावली. प्रक्रियेत बऱ्याच गोष्टी जातात हे त्या खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं.

बाईंनी कपाटातून कागदाच्या सहा पट्ट्या काढल्या, टेबलावर मांडल्या आणि कात्री पुढे केली. "यातून दोन पंचमांश काढून दाखवता का, सर? मला शिकायला मिळेल." शेवटचं वाक्य त्यांनी मनापासून जोडलं होतं, भीतीने.

लिफ्टवाल्यांनी बाह्या सरसावल्या. माणूस कामाला पक्का होता. एक पट्टी घेतली, खिशातल्या टेपने मापली, पेन्सिलीने अगदी बारीक खुणा करून पाच सारखे भाग पाडले आणि दोन भाग सरळ रेषेत कापून डाव्या हातात धरले. मग उजव्या हाताने उरलेला तुकडा टेबलाच्या कडेला सरकवला, पाच अख्ख्या पट्ट्या नीट रांगेत लावल्या आणि म्हणाले, "हे पाच." डावा हात उंच केला. "आणि हे दोन पंचमांश. झालं ना?"

टाळ्या वाजल्या. आजोबांनी तर उभं राहून वाजवल्या. टाळ्या ओसरल्यावर बाईंनी टेबलाच्या कडेचा तुकडा बोटाने दाखवला.

"आणि हे काय आहे, सर?"

"ते? ते उरलेलं."

"गणितात उरलेलंच विचारलंय ना?" बाई म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांनी टेबलाच्या कडेकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून उंचच होता. काढून घेतलेलं मोजायचं आणि मागे राहिलेलं कडेला सारायचं, ही सवय त्यांची एकट्याची नव्हती. सगळ्यांनी तेच पाहिलं होतं आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. लिफ्टवाल्यांनी हात खाली घेतला. त्यांचे कान लाल झाले. मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "तीन पंचमांश," आणि शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं.

बाईंना वाटलं, झालं, कळलं सगळ्यांना. बिचाऱ्या भोळ्या होत्या. न कळलेला माणूस वाद घालतो, त्याचं फारसं भय नाही. चारचौघांत चूक कळलेला माणूस मात्र कुणालाच माफ करत नाही. बाकाबाकांवर खोकल्याची उबळ आली, खुर्च्या सरकाव्यात तशी माणसं सरकली आणि लिफ्टवाल्यांची पत्नी बाईंकडे असं पाहू लागली, जणू बाईंनी तिच्या नवऱ्याचा खिसा कापला होता.

वकीलबाईंनी प्रसंग ओळखला. "मला वाटतं, प्रश्नाची भाषाच संदिग्ध आहे," त्या घसा साफ करून म्हणाल्या. "वजा करा, एवढंच म्हटलंय. काय उरलं ते सांगा असं कुठे म्हटलंय? त्यामुळे दोन उत्तरं संभवतात. एक घरचं उत्तर, एक शाळेचं उत्तर. दोन्हींचा मान राखला पाहिजे. मी ठराव मांडते की दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत. फुल्या मागे घ्याव्यात. आणि या समजूतदारपणाबद्दल बाईंविषयी समितीचं मत अनुकूल नोंदवावं."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. हात वर झाले. लिफ्टवाल्यांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, आणि तो या खेपेला उजवा होता. मग सगळे बाईंकडे पाहू लागले.

बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळा आला, काखेतली फाईल आली, आईचे गुडघे आले. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकत नाहीत, हे एवढंच वाक्य बोलायचं होतं. चौथीतल्या मुलाला बोलता येईल असं सोपं वाक्य. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथून परत गेलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई कोपऱ्यातून उठून मध्यभागी आल्या आणि सगळ्यांना चहा सांगितला.

सोमवारी बाईंनी वह्या परत मागवल्या. फुली खोडता येत नाही, म्हणून मोठ्या बाईंनी युक्ती सुचवली होती, फुलीशेजारी हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायची. तेहेतीस वह्यांवर हिरव्या खुणा झाल्या. पाण्याच्या टाकीवाल्यांच्या वहीवर दोन केल्या. सावकाशची वही त्यांनी मागितली नाही, तिला काय करायचं होतं? कायम केल्याच्या कागदावर मधल्या सुट्टीआधी सही करायला या, असा निरोप सकाळीच मिळाला होता. बाईंना हायसं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा, फार हायसं वाटलं होतं. त्यांनी आईला फोन करून कळवलंही होतं.

वह्या वाटून झाल्यावर त्यांनी फळ्यावर नवीन गणित लिहिलं. चार वजा तीन अष्टमांश.

लिफ्टवाल्यांच्या मुलाने हात वर केला. "बाई, कुठलं लिहायचं? घरचं की शाळेचं?"

"म्हणजे?"

"बाबा म्हणाले दोन्ही बरोबर असतात. घरचं सोपं असतं. मी घरचं लिहू?"

"मी पण घरचं!" मागून आवाज आला. "मी दोन्ही लिहितो बाई, मग डबल मार्क?" एकाने विचारलं, घरचं उत्तर घरी गेल्यावर लिहिलं तर चालेल का. एका मुलीने उभी रेघ मारून पानाचे दोन भाग केलेही. पोरं कुठे चुकत होती? मोठ्यांनी जे ठरवलं होतं ते त्यांनी नीट समजून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "आधी विचार करा," आणि खुर्चीवर बसल्या.

तेवढ्यात सावकाश टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिने वही उघडून पुढे केली. जुनंच पान होतं, सहा पट्ट्यांचं. बाईंनी लिहिलेलं शाबास तिथेच होतं, पण त्याच्या शेजारचं उत्तर खोडलेलं होतं. इतकं घासून खोडलं होतं की कागद विरून गेला होता. पट्टीवरच्या काट मारलेल्या दोन भागांचंही तेच झालं होतं. विरलेल्या कागदावर तिने जपून, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पाच पूर्णांक दोन पंचमांश. भोवती चौकट आखली होती.

"हे काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"दुरुस्त केलं."

"अगं, तुझं बरोबर होतं की!"

"सगळ्यांचं हे आहे बाई. सगळ्यांना तुम्ही बरोबर दिलंय. माझं एकटीचंच वेगळं होतं." तिने पायाच्या अंगठ्याने बूट आतून दाबला, तो वर फुगला, पुन्हा बसला. "मला तुम्ही उगाच दिलं होतं ना, शाबास? वाईट वाटू नये म्हणून?"

लालही नको, हिरवंही नको, असं वाटून बाईंनी दोन्ही पेनं बाजूला सारली.

"नाही गं. तुझं खरंच बरोबर होतं."

"मग त्यांचं?"

"त्यांचं चूक आहे."

"मग त्यांना बरोबर का दिलंत?"

पोरीने हे भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि न कळलेलं विचारायचं, असं बाईंनीच वर्षभर सांगितलं होतं. ठराव, संदिग्ध भाषा, दोन्हींचा मान, सगळं बाईंना पाठ होतं. ते या नऊ वर्षांच्या मुलीला सांगून पाहावं असं क्षणभर त्यांना वाटलं. मग लाज वाटली.

"घाबरले होते म्हणून," बाई म्हणाल्या.

सावकाशने यावर विचार केला. तिला वेळ लागला.

"मी पण," ती म्हणाली.

दारात शिपाईकाका आले होते. "बाई, मोठ्या बाईंनी बोलावलंय. कागदावर सही करायला. वकीलबाई पण आल्यात, साक्षीला." ते हसले. त्यांनाही बरं वाटलं होतं.

बाई उठल्या. आता या वर्गात पुढच्या वर्षी कोण उभं असेल, हे त्यांना दिसत होतं आणि ती बाई त्या नव्हत्या. आईला पुन्हा फोन करावा लागणार होता, तो सगळ्यात कठीण. "काका, सांगा की तास चालू आहे," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, वह्या पुन्हा तपासायला घेतल्यात. हेही सांगा. विसरू नका."

शिपाईकाकांचं हसू मावळलं. ते दार हळूच ओढून घेऊन गेले.

बाईंनी ओल्या फडक्याने चार वजा तीन अष्टमांश पुसलं आणि त्या जागी पुन्हा जुनं गणित लिहिलं. मग टेबलाचा खण उघडून कात्री आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा बाहेर काढला. "सगळ्यांनी वह्या परत आणा," त्या म्हणाल्या. "मी हिरव्या खुणा केल्या त्या चुकल्या. तेहेतीसच्या तेहेतीस चुकल्या. उत्तर एकच असतं. आता आपण पुन्हा पट्ट्या कापू, आणि प्रत्येकाने काय उरलं ते स्वतः मोजायचं."

वर्गात गलका उठला. पानाचे दोन भाग करणारी मुलगी हळूच रेघ खोडू लागली. डबल मार्कवाल्याचं तोंड एवढंसं झालं. लिफ्टवाल्यांचा मुलगा वही छातीशी धरून उभा राहिला. वडिलांचा मुलगा होता, पद्धत सोडणारा नव्हता.

"पण बाई, ठराव झालाय ना? बाबा म्हणाले तो बदलायला नवीन ठराव लागतो."

"झाला नवीन ठराव."

"कधी? कुणी केला?"

बाईंनी सावकाशच्या हातात कात्री दिली.

"आत्ताच," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघींनी."